गड्डम सरांची उघडी खिडकी

निवृत्तीच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेतलं माझं कपाट रिकामं करत होतो. एकतीस वर्षांचा पसारा. जळके ट्रान्सफॉर्मर, मुलांनी मोडलेले मीटर, कुणीही न वाचलेल्या सूचना. सगळ्यांच्या तळाला एक मडकं निघालं. मानेला जुना टॉवेल गुंडाळलेला, दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी भोकं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, पण तिला सगळ्याचीच घाई. "शिंदे काका, हे टाकून देऊ का?" म्हणाली. मी म्हटलं, "बाई, ते डोकं आहे. हळू ठेव खाली." तिनं माझ्याकडे असं बघितलं की, बरं झालं, म्हातारा चाललाय एकदाचा.

आता तिला काय आणि कुठून सांगायचं? सांगायचाच कंटाळा येतो हल्ली. पण ते मडकं गड्डम सरांचं होतं, आणि गड्डम सरांबद्दल थोडक्यात सांगता येत नाही.

सर आमच्या पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. मी मूळचा वैरागचा, शेतकऱ्याच्या घरातला. ते सोलापुरातल्या यंत्रमागवाल्यांच्या घरातले, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन नाही तर स्क्रू ड्रायव्हर. विचार करायला लागले की सोल्डरची तार बोटाला गुंडाळत बसायचे. बोट निळं पडायचं तरी लक्ष नसायचं. मग मीच म्हणायचो, "सर, बोट." की ते तार सोडवायचे.

त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं. लहानपणापासून मागाशेजारी वाढलेला माणूस, दुसरं काय होणार? वर्गात ते डावा कान मुलांकडे करून उभे राहायचे, त्यामुळं फळ्यावरची त्यांची सगळी अक्षरं तिरकी यायची. कुठलाही आवाजाचा प्रयोग असला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "शिंदे, कान द्या." म्हणजे ऐकायचं मी, आणि समजून घ्यायचं त्यांनी. इतकी वर्षं माझे कान त्यांनी वापरले, पण कधी परत दिले असं आठवत नाही.

आणखी एक. दुपारी झोपणाऱ्या माणसाबद्दल त्यांना भयंकर तिटकारा. मी जेवण झाल्यावर बॅटरीच्या खोलीत जरा पाठ टेकायचो. एप्रिल-मेच्या सोलापुरात जो टेकत नाही तो माणूस नव्हे, असं माझं मत. सर दारात उभे राहून म्हणायचे, "आमचे वडील म्हणायचे, दुपारी ज्याचा डोळा लागला त्याच्या हातात माग देऊ नये." मी म्हणायचो, "मला माग कुठं चालवायचाय सर?" तर म्हणायचे, "उठा हो, लाज वाटू द्या." त्यांचा दुपारी डोळा लागलेला मी एकतीस वर्षांत एकदाही बघितला नाही.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी. खाली जुनं सामान, वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांना मिळून खिडकी एकच, गल्लीकडं. समोर आठ-दहा हातांवर कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली टॉवेलचे माग. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, लक्ष्मणचा. वडील गेल्यावर वाटणीत घर सरांकडं आलं, कारखाना लक्ष्मणकडं. वाटणीवरून काही भांडण झालं नाही. भांडण झालं ते एका वाक्यावरून. चार माणसांत सर बोलून गेले, "ह्या आवाजानं बाबांचे कान गेले, तूही बहिरा होऊन मरशील." त्यावर लक्ष्मण म्हणाला, "ह्याच आवाजावर तू शिकलास अन्ना." बस. एवढंच. त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलले नाहीत. एका गल्लीत, समोरासमोर, अकरा वर्षं. सण आला की डबे इकडून तिकडं जायचे, पण ते बायका न्यायच्या.

मग भारतीवहिनींचं दुखणं आलं. फुप्फुसांचं होतं. रात्री आडवं झालं की खोकल्याची उबळ, त्यामुळं रात्रभर बसून काढायची. सकाळच्या गोळ्यांनी जरा आराम पडायचा आणि जेवण झालं की दोनच्या सुमाराला डोळे मिटायला लागायचे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दिवसातली ती दोन तासांची झोप मिळालीच पाहिजे, नाहीतर हे शरीर फार दिवस ओढणार नाही. आणि खिडकी उघडी हवी. बंद केली की त्यांचा जीव घाबरायचा, हातानं गळा धरायच्या. एसी लावून बघितला, त्यानं खोकला वाढला. म्हणजे खिडकी उघडी, आणि खिडकीसमोर माग. खटखट, खटखट, आणि त्याच्या खाली ती घरघर, जमिनीतून वर येणारी.

मी साधा माणूस. मी म्हटलं, "सर, भावाला सांगा की. दोन तास बंद ठेव म्हणावं."

सर माझ्याकडं वळले. डावा कान नव्हे, अख्खं तोंड. "शिंदे, ज्याला मी बहिरा म्हटलं, त्याला आता कोणत्या तोंडानं सांगू की आवाज बंद कर? त्याचा एकही माग मी बंद करायला सांगणार नाही. माझ्या खिडकीचं मी बघतो."

आणि बघायला लागले. घरातल्या माणसाचा जीव जायची वेळ आली तरी माणसाचा ताठा जात नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. राग आला होता मला. अजूनही येतो.

त्यांची कल्पना अशी. खिडकीच्या बाहेर, गजाला एक माईक. तो मागाचा आवाज घरात शिरायच्या आधी पकडणार. चौकटीला आतून लहान लहान स्पीकर. ते त्या आवाजाच्या बरोबर उलटा आवाज सोडणार, की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. हवा आत, आवाज बाहेर. सांगायला सोपं. पण खोलीभर शांतता होत नाही, ती होते पाटाएवढ्या जागेत. ती जागा वहिनींच्या कानापाशीच यायला पाहिजे, आणि तिथं काय ऐकू येतंय हे यंत्राला कळायला तिथं माईक पाहिजे. आता आजारी बाईच्या कानाला रोज वायरी बांधणार का?

तिथं ते मडकं आलं. सरांनी कुंभारवाड्यातून वहिनींच्या डोक्याच्या मापाचं मडकं आणलं. माप कसं घेतलं विचारू नका, मीच सुतळी धरली होती. त्याला दोन भोकं पाडून दोन्ही कानांच्या जागी माईक बसवले, खाली टॉवेल गुंडाळला आणि ते उशीवर झोपवलं.

वहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हे माझं डोकं होय?"

"हो," सर म्हणाले.

"रिकामं आहे म्हणजे बरोबर जमलंय," वहिनी म्हणाल्या. हसल्या, आणि मग बराच वेळ खोकल्या.

सरांनी त्यांना समजावलं. "हे बघ भारती, चौकटीवरच्या माईकला असं ऐकू आलं की उशीवर तसं ऐकू येतं, एवढं नातं यंत्रानं आज शिकून घ्यायचं. मग मडकं काढायचं, तू झोपायचं. तुझ्या कानाशी माईक नसणार, पण आहे असं धरून यंत्र चालणार." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शिंदे, आपण जिथं नाही तिथं काय ऐकू येत असेल, हे कळलं पाहिजे माणसाला." हे वाक्य ते पुढं कितीदा म्हणाले याला गणती नाही. वर्गात, वऱ्हांड्यात, चहाच्या गाड्यावर. भावाच्या दारापाशी मात्र कधी म्हणाले नाहीत.

पलंग त्यांनी खिडकीला लावला, उशी खिडकीकडं. आम्ही पाच-सहा शनिवार सकाळी जाऊन मडकं झोपवत होतो आणि यंत्राला शिकवत होतो. खाली गल्लीत लक्ष्मण दोन-तीनदा उभा राहिलेला मी बघितला. डोक्यावर, भुवयांवर सुताची पिंज. वर खिडकीकडं, वायरींकडं बघायचा आणि आत जायचा.

शेवटी मडकं काढलं. आणि सर म्हणाले, "शिंदे, कान द्या." मी त्या उशीवर डोकं ठेवून पडलो. सरांनी बटण दाबलं. चौकटीवर हिरवा दिवा लागला. खरं सांगतो, घरघर निम्म्यानं कमी झाली, गाडी लांब गेल्यासारखी. पण खटखट? ती होती तशीच. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या त्या धोट्याचा ठोका कुठल्या यंत्राला सापडणार? आणि डोकं वीतभर हललं की घरघरही परत. मी तसं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बघू. निम्मं तर निम्मं."

आणि काय आश्चर्य, वहिनी झोपायला लागल्या. सोमवारी सर कॉलेजातून घरी गेले, विचारलं, "झोपलीस?" "झोपले की, चारपर्यंत." मंगळवारी झोपल्या. बुधवारी झोपल्या. पंधरा दिवसांत गालावर जरा तजेला आला. सर कॉलेजात उड्या मारायचे बाकी राहिले होते. मुलांना सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांना तपासणीच्या समितीला दाखवायला काहीतरी हवंच होतं. ते म्हणाले, "ताबडतोब अहवाल लिहा." सरांनी रात्री बसून अहवाल लिहायला घेतला. मी मनात म्हटलं, माझेच कान गेले वाटतं.

त्या सुमाराला दुधनीहून वहिनींची थोरली बहीण आली, अक्का. धिप्पाड बाई, आवाज मागाला हरवेल असा. पंधरा दिवस राहिली. ती आली त्याच सकाळी सर परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेले होते, ते आठ दिवसांनी परतले आणि स्टँडवरून मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. जिना चढून आत पाऊल टाकलं आणि सर दारातच थिजले.

पलंग उलटा. उशी भिंतीकडं, पाय खिडकीकडं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आजारी माणसाला उत्तरेकडं डोकं करून झोपवता? एवढं शिकलेले तुम्ही! आले त्याच दिवशी फिरवला पलंग."

"आले त्याच दिवशी?" सर म्हणाले. "म्हणजे आठ दिवस झाले."

मला हसू आवरेना. आठ दिवस सरांचं यंत्र इमानदारीनं वहिनींचे पाय शांत ठेवत होतं. मी म्हटलं, "सर, पाय गाढ झोपले असतील." वहिनीपण हसल्या. सर हसले नाहीत. तार काढून बोटाला गुंडाळायला लागले.

"अक्का, ही आठ दिवस दुपारची झोपली?"

"झोपती की रोज. दोन वाजता निम्मं सगळं गप्पच होतंय, मग काय?"

सर यंत्राशी गेले. लॅपटॉप जोडला. यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवायचं. इतके दिवस आम्ही फक्त आतला आलेख बघत होतो, उशीवर किती शांत झालं याच्या अंदाजाचा. बाहेरच्या माईकचा आलेख कुणी उघडलाच नव्हता. कशाला उघडायचा? बाहेर माग, माग म्हणजे आवाज, त्यात काय बघायचं? त्या दिवशी त्यांनी उघडला. आलेख सकाळपासून वर, सरळ. दोनला धाडकन खाली. चारला परत वर. दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. रविवारी कारखान्याला सुट्टी, तो दिवस सपाट. पहिल्या सोमवारपासून, म्हणजे हिरवा दिवा लागला त्या आठवड्यापासून, खिडकीसमोरची मागांची रांग रोज दोन तास बंद होती. मागची चालू, म्हणून आवाज पूर्ण जात नव्हता. आम्ही दोघं त्या वेळेला कॉलेजात. आणि घरी आलं की यंत्राचं कौतुक.

यंत्र बाहेरचा आवाज कमी करूच शकत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळेल. सरांना कळलं.  बोट निळं पडलं होतं, मी "सर, बोट" म्हटलं नाही.

"तुला माहीत होतं?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"कान आहेत मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खिडकी लावून घेतली असती."

"त्यानं काही सांगितलं? निरोप वगैरे?"

"काही नाही. दोन वाजतात, बंद करतो. चार वाजतात, लावतो."

सर उठले. चप्पल घातली. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरले, मला मोजता आल्या. तिथं उभे राहिले आणि परत वर आले. "काय बोलू शिंदे?" म्हणाले. "अकरा वर्षं झाली. सुरुवात कुठल्या वाक्यानं करायची?"

 मला तर वाटत होतं, दोघांना गचांडी धरून गल्लीत उभं करावं. पण तेवढी धमक माझ्यात कधीच नव्हती.

मी यंत्र काढून घेऊ का विचारलं. तर नको म्हणाले. "तो हिरवा दिवा खालून दिसतो. दिवा बंद दिसला की त्याला कळेल की मला कळलंय. मग तो ओशाळेल. राहू दे चालू." पलंगही अक्कानं फिरवला तसाच ठेवला. म्हणजे पुढचे कित्येक महिने ते यंत्र रोज वहिनींच्या पायाशी शांतता करत बसलं, समोर लक्ष्मण माग बंद करत राहिला, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला काही माहीत नाही असं धरून चालला. असली घरं मी दुसरीकडं बघितली नाहीत.

अहवाल त्यांनी परत घेतला. प्राचार्य चिडले. "अहो, पेशंट झोपला ना? मग झालं की! समितीला काय करायचंय बाकीचं?" सरांनी कागदावर एकच ओळ लिहून दिली : निकाल यंत्राचा नाही. "मग कुणाचा?" प्राचार्यांनी विचारलं. "ते तांत्रिक नाही," सर म्हणाले आणि बाहेर आले. त्या वर्षी त्यांची बढती राहिली ती राहिलीच.

वहिनी त्यानंतर सव्वा वर्ष जगल्या. डॉक्टर म्हणाले, एवढंही धरलं नव्हतं. गेल्या त्या दिवशी लक्ष्मण आला, खांदा दिला, शेवटपर्यंत थांबला. दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. मला त्या दिवशी रडूही आलं आणि रागही आला, आणि दोन्हींनी फार थकल्यासारखं झालं.

मग सर निवृत्त झाले. यंत्र खोलून कॉलेजला जमा केलं. मडकं माझ्या कपाटात राहिलं.

तर, ते मडकं पिशवीत घालून मी परवा त्यांच्याकडं गेलो. ऊन मरणाचं. पत्ता शोधावा लागत नाही त्या गल्लीत, आवाजावरून जाता येतं. सर खुर्चीत बसले होते. अंगात तोच शर्ट, खिशात आता काहीच नाही. वाळलेत. मी मडकं काढून दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, दोन्ही भोकांवरून अंगठा फिरवला, परत माझ्याकडं दिलं. "काय करू मी याचं?" म्हणाले. शेंगाचटणी, कडक भाकरी काढली, आम्ही खाल्लं.  

खिडकी उघडी होती. चौकटीवर स्क्रूची भोकं तेवढी राहिलेली, दिवा नाही, काही नाही. खालून खटखट चालूच होती. पलंग अजून उलटाच होता, अक्कानं ठेवलेला.

आणि एकदम आवाज खाली आला. समोरची रांग थांबली. मागची तेवढी लांब कुठंतरी चालू. मी घड्याळ बघितलं. दोन.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. "रोज," म्हणाले. "ती गेली तरी रोज."

आणि ते उठले. गुडघ्याला हात लावून, हळूहळू खिडकीशी गेले, गज धरले. आणि तेलुगूत हाक मारली. धाकट्या भावाला मारतात ती; इतक्या वर्षांत तेवढं तेलुगू मला कळायला लागलंय.

"तम्मी!"

खाली काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. लक्ष्मण दारात आला. त्याचेही केस पांढरे झालेत, पिंज कुठली आणि केस कुठले कळत नाही. त्यानं वर बघितलं.

"लाव आता माग," सर म्हणाले. "भारती नाही. कुणासाठी बंद ठेवतोस?"

लक्ष्मण दोन पावलं पुढं आला. मग कानाशी हात नेऊन, ऐकू न येणारी माणसं जरा मोठ्यानंच बोलतात तसा, म्हणाला, "ठाऊक आहे अन्ना, वदिना नाही. तू झोपत असशील म्हणून बंद ठेवतो."

एकतीस वर्षांत ज्या माणसाचा दुपारी डोळा लागलेला मी बघितला नाही, तो माणूस गज धरून उभा होता. आता म्हणेल, मी दुपारी झोपत नाही, आमचे वडील म्हणायचे. मी वाट बघत होतो.

"हो," सर म्हणाले. "झोपतो."

लक्ष्मण आत गेला. सर खिडकीपासून मागं आले, पलंगावर बसले, आणि खरोखरच आडवे झाले. उजवा कान उशीत, डावा वर. डोळे मिटले. मी मडकं त्यांच्या उशाशी ठेवलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो.